जंतूंना औषधाची सवय होते का?

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने जंतूंवर लेख का लिहावा, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याला कारण एक कागद आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. श्वासासाठी घशातून एक नळी, मानेजवळच्या शिरेत दुसरी, लघवीसाठी तिसरी. सहाव्या दिवशी ताप चढला. श्वासनळीतील स्राव तपासणीला गेला आणि तीन दिवसांनी तो कागद हाती आला. लोक त्याला ‘कल्चर रिपोर्ट’ म्हणतात. वर जंतूचे नाव होते, ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी. खाली अठरा औषधांची यादी आणि प्रत्येक औषधासमोर एक इंग्रजी अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधापुढे नमतो. ‘आर’ म्हणजे तो दाद देत नाही. अठरापैकी सोळा ओळींत ‘आर’ होता.

बाहेरच्या बाकावर दर्यापूरकडचे माझे मामा बसले होते. सारे आयुष्य कपाशीत गेलेला माणूस. मी कागद वाचून दाखवला, तसे ते म्हणाले, “म्हंजे जंताले औषधाची सवय झाली म्हना. आपल्या बोंडअळीवानीच झालं हे, बापू.”

मी मान डोलावली. पुढे वडील सावरल्यावर पुस्तके काढून बसलो, तेव्हा कळले की मामांच्या दोन वाक्यांपैकी दुसरे अगदी बरोबर होते आणि पहिले चूक. वर्तमानपत्रांत, दवाखान्यांत आणि वर्गातसुद्धा ‘जंतूंना औषधाची सवय होते’ असेच आपण म्हणतो. चहाची सवय होते, तंबाखूची होते, तशी ती जंतूंना होत नाही. मग नेमके काय होते, ते आज पाहू या.

कागदावरचा ‘आर’ येतो कोठून?

प्रथम हा कागद कसा तयार होतो ते सांगतो, कारण त्यात आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकातील विसरण आहे. एका बशीत अगर नावाचा, शेवाळापासून मिळणारा घट्ट पदार्थ ओततात. त्यात जंतूंचे अन्न मिसळलेले असते. त्यावर रुग्णाकडून मिळालेले जंतू सारखे पसरतात आणि निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवतात. चकतीतील औषध अगरमध्ये चहूकडे विसरत जाते. चकतीजवळ ते दाट असते आणि दूर जावे तसे विरळ होते. रात्रभर उबेत ठेवल्यावर बशीभर जंतूंचा धुरकट थर येतो. मात्र जेथे औषध पुरेसे दाट आहे तेथे तो येत नाही, आणि चकतीभोवती एक स्वच्छ वर्तुळ दिसते. त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. ठरलेल्या मापापेक्षा वर्तुळ मोठे असेल तर ‘एस’, लहान असेल किंवा मुळीच नसेल तर ‘आर’. मोठ्या प्रयोगशाळांत आता हे काम यंत्रे वेगळ्या रीतीने करतात, पण प्रश्न तोच विचारतात.

माझ्या वडिलांच्या बशीत बहुतेक चकत्या जंतूंच्या थरात बुडून गेल्या असणार.

बोंडअळीची गोष्ट

आता मामांच्या बोंडअळीकडे वळू. आपल्या वऱ्हाडातील मुलांना बीटी कपाशी सांगावी लागत नाही. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूत बोंडअळीला मारक असे एक प्रथिन तयार होते. त्याचे जनुक कपाशीत घातले आणि २००२ साली या बियाण्याला भारतात परवानगी मिळाली. २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले. सुरुवातीची वर्षे फवारणीचा खर्च वाचला. पुढे २००९-१० च्या सुमारास पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी गुजरातेत आढळली, काही वर्षांत दुसरे जनुकही तिच्यापुढे निष्प्रभ झाले, आणि २०१७ साली विदर्भात बोंडे फोडून पाहावीत तो आत अळी, अशी अवस्था झाली.

अळीला बीटीची सवय झाली का? विचार करा. बीटीचे पान खाऊन जी अळी मेली तिला कसली सवय होणार? जी जगली ती जगण्याजोगी घडण जन्मतःच घेऊन आली होती. लाखांत अशी एखादीच असेल. पण शेतात बीटीखेरीज दुसरे काही नसेल, तर पुढची पिढी त्या एखादीचीच. म्हणूनच ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या कपाशीचे वेगळे पाकीट मिळत असे. ते शेताच्या कडेने लावायचे. त्यावर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या थोड्या पतंगांशी जुळतील आणि तो गुण विरळ होत राहील, असा हिशेब होता. किती जणांनी ते लावले? मामा प्रांजळपणे सांगतात की त्यांच्या गावात ती पाकिटे बांधावर पडून राहत. वर फरदड घ्यायची, म्हणजे जानेवारीनंतरही कपाशी उभी ठेवायची. अळीला मुक्कामाला घर मिळाले.

तर ‘सवय’ नव्हे, ‘निवड’. औषध शिकवत नाही, औषध निवडते. हे अळीच्या बाबतीत पटते, कारण अळी डोळ्यांना दिसते. जंतूंच्या बाबतीतही असेच घडते हे कशावरून? हा प्रश्न १९४३ साली सुटला, आणि तो सोडवणाऱ्या दोघांपैकी एक मूळचा पदार्थवैज्ञानिक होता, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

वीस नळ्या

मॅक्स डेलब्र्यूक हा तो पदार्थवैज्ञानिक, आणि साल्व्हादोर लुरिया हा इटलीतून अमेरिकेत आलेला डॉक्टर. जीवाणूंना मारणारे विषाणू असतात. अशा विषाणूंच्या तडाख्यातून काही जीवाणू वाचतात. ते विषाणूशी गाठ पडल्यानंतर कणखर होतात, की आधीपासूनच कणखर असतात? लुरिया याच विचारात असताना विद्यापीठातील एका समारंभात त्याने आपल्या सहकाऱ्याला नाणे टाकून नशीब अजमावण्याच्या यंत्राशी खेळताना पाहिले. बहुतेक वेळा यंत्र काहीच देत नाही. मधूनच नाण्यांचा ढीग ओतते. लुरियाला त्यात आपल्या प्रश्नाची किल्ली सापडली.

त्याने वीस नळ्यांत थोडे थोडे जीवाणू घालून ते वेगवेगळे वाढू दिले. मग प्रत्येक नळीतील जीवाणू विषाणू पसरलेल्या बशीवर टाकले आणि किती वाचले ते मोजले. आकडे असे आले: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५. सरासरी ११ च्या थोडी वर. दुसरीकडे एकाच मोठ्या नळीत वाढवलेल्या जीवाणूंचे दहा नमुने घेतले. त्यांचे आकडे: १४, १५, १३, २१, १५, १४, २६, १६, २०, १३.

पुढे वाचण्याआधी हे दोन संच वहीत उतरवा आणि दोन मिनिटे त्यांच्याकडे पाहा.

विषाणू भेटल्यानंतर जीवाणूंत बदल होत असता, तर प्रत्येक जीवाणूला वाचण्याची सारखीच लहानशी संधी मिळाली असती आणि वीसही नळ्यांचे आकडे दुसऱ्या संचासारखे, सरासरीच्या आसपास घुटमळणारे आले असते. प्रत्यक्षात अकरा नळ्यांत शून्य आणि एकीत १०७! याचा अर्थ एकच. जीवाणू वाढत असतानाच, विषाणूचा संबंध येण्यापूर्वी, कधीतरी एखाद्यात आपोआप बदल झाला. तो लवकर झाला असेल तर त्याच्या वंशजांचा मोठा गोतावळा तयार, म्हणजे १०७. उशिरा झाला असेल तर एखाददुसरा. झालाच नसेल तर शून्य. या आपोआप होणाऱ्या बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. पुढे १९५२ साली लेडरबर्ग पतिपत्नींनी आणखी सुटसुटीत प्रयोगाने हेच दाखवले; प्रतिजैविकाचे तोंडही न पाहिलेल्या जीवाणूंत त्याला दाद न देणारे जीवाणू असतात, हे त्यांनी वेगळे काढून दाखवले. लुरिया आणि डेलब्र्यूक यांना १९६९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

थोडा हिशेब

आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुभंगून एकाचे दोन होतो. एका तासात तीन वेळा, दहा तासांत तीस वेळा. दोनचा तिसावा घात काढा: सुमारे १०७ कोटी. (वरच्या १०७ शी याचा संबंध नाही, निव्वळ योगायोग.) आता एखाद्या औषधाला दाद न देण्याचे उत्परिवर्तन समजा दहा कोटी जीवाणूंत एकदा होते; काही औषधांच्या बाबतीत हा अंदाज बराच जवळचा आहे. म्हणजे रात्री एक जीवाणू होता, तर सकाळी औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच तिला न जुमानणारे निदान दहाएक जीवाणू हजर आहेत. एरवी आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा समाचार घेतात. पण रुग्ण अशक्त असेल, तर औषधाने बाकीचे मारून या दहांसाठी वावर मोकळे करून दिले, असे होते.

दोन वेगळी औषधे एकत्र दिली तर? दोन्हींना एकाच वेळी दाद न देणारा जीवाणू दहा कोटी गुणिले दहा कोटी, म्हणजे एकावर सोळा शून्ये, इतक्यांत एक. एका रुग्णाच्या शरीरात इतके जंतू जमणे कठीण. क्षयरोगावर पहिले दोन महिने चार औषधे एकदम देतात, त्यामागे हाच गुणाकार आहे. रुग्णाने मनानेच त्यातील दोन सोडली, की गुणाकार मोडला.

मग हीच युक्ती सगळीकडे का चालत नाही? दोन घटनांच्या संभाव्यतांचा गुणाकार कधी करायचा असतो? त्या घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. ही अट आपण परीक्षेपुरती पाठ करतो. जीवाणूंनी ती मोडली आहे. १९५० नंतरच्या दशकात जपानमध्ये आमांशाचे असे जंतू सापडू लागले, की जे एकदम तीन-चार औषधांना जुमानत नव्हते. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याचे रहस्य उकलले. हा गुण एका जीवाणूकडून शेजारच्या वेगळ्या जातीच्या जीवाणूकडे सरळ हातोहात जात होता. जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याजवळ डीएनएची लहान कडी असू शकते. तिला प्लास्मिड म्हणतात. एका प्लास्मिडवर पाच-सहा औषधांना निकामी करणारी जनुके ओळीने बसलेली असू शकतात. मग एकाच देवघेवीत सगळे मिळते. एकावर सोळा शून्ये राहिली बाजूला.

अशा एका जनुकाच्या नावात आपली राजधानी आहे. २००८ साली स्वीडनमधील एका रुग्णाच्या शरीरात असा जंतू आढळला, की ज्याच्यापुढे कार्बापेनेम जातीची, म्हणजे शेवटच्या फळीची मानली जाणारी प्रतिजैविके चालेनात. रुग्ण त्यापूर्वी नवी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, म्हणून त्या जनुकापासून बनणाऱ्या विकराला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे नाव दिले गेले. २०१० साली या नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. नाव देण्याची ती रीत मलाही पसंत नाही. परंतु त्या गदारोळात, त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी स्वतःच छापलेला आकडा झाकला गेला. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यांना कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू मिळाले आणि त्यांपैकी २२ मध्ये हे जनुक होते. नावाला हरकत घेता येते, आकड्याला नाही.

मुंबई दूर वाटत असेल तर सेवाग्राम घ्या. अमरावतीहून दोन-अडीच तासांची वाट. तेथील कस्तुरबा रुग्णालयातील तपासण्यांची माहिती २०२२ साली प्रसिद्ध झाली. पाच प्रमुख रोगजंतूंविरुद्ध नेहमीची काही प्रतिजैविके १५ टक्क्यांहूनही कमी वेळा उपयोगी पडत होती. त्या पाचांत माझ्या वडिलांच्या कागदावरचा जंतूही आहे. आणि ही माहिती तपासणारे व सांगणारे रुग्णालय आहे, हे लक्षात घ्या. जेथे तपासणीच होत नाही तेथला आकडा शून्य दिसतो!

अतिदक्षता विभागातच का?

अतिदक्षता विभाग हा रुग्णालयातील स्वच्छ भाग, मग हे जंतू तेथेच का भेटतात? पहिले कारण नळ्या. आपल्या शरीराची तटबंदी चांगली भक्कम आहे. कातडी आहे, नाकातले केस आहेत, श्वासनळीला अस्तर म्हणून सतत वर लोटणारे सूक्ष्म तंतू आहेत, खोकला आहे. घशातून नळी घातली की खोकला बंद आणि बाहेरून फुप्फुसापर्यंत सरळ रस्ता. नळी प्राण वाचवते यात शंका नाही. पण ती तटातला दरवाजाही आहे. शिवाय नळीच्या आतल्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात. पावसाळ्यात टाक्याच्या दगडावर बुळबुळीत थर धरतो ना, तसा. त्या थराच्या आतल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही.

दुसरे कारण, येथे प्रतिजैविकांचा वापर सर्वांत जास्त. म्हणजे निवड सर्वांत कडक. आणि तिसरे, येथे एकेका रुग्णाला दिवसभरात कितीतरी वेळा हात लागतात.

पहिल्या दिवशी वडिलांच्या खाटेची डोक्याकडची बाजू उचललेली पाहून मी सिस्टरना विचारले, की त्यांना असे घसरायला होत नाही का? त्या म्हणाल्या, “सर, तीस अंशांच्या खाली आणायची नाही, तसा नियमच आहे.” उताराचे पृष्ठ मी वीस वर्षे शिकवतो, पण हा उपयोग मला ठाऊक नव्हता. माणूस सपाट निजलेला असला की जठरातील द्रव घशाकडे येतो आणि तेथून नळीच्या बाजूने झिरपत फुप्फुसात उतरतो. खाट ३० ते ४५ अंशांत उचलली की गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने काम करते. खर्च शून्य.

ॲसिनेटोबॅक्टरचा आणखी एक गुण म्हणजे चिवटपणा. कोरड्या पृष्ठभागावर तो आठवडेच्या आठवडे टिकतो. खाटेचा कठडा, पडदा, रक्तदाबाचा पट्टा, डॉक्टरांचा मोबाइल, काहीही चालते. त्याचा भाऊबंद स्यूडोमोनास याला मात्र ओल आवडते. अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला की आपल्याला कूलरखेरीज सुचत नाही. पण ओल्या गवताच्या जाळ्या आणि साचलेले पाणी यांतून वारा घेणारे यंत्र अतिदक्षता विभागात चालत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

करोनाच्या साथीत हे सारे एकदम वाढले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढून टाळेबंदी लागली होती, ते तुम्हांला आठवत नसले तर घरच्यांना विचारा. करोना हा विषाणूचा रोग. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. तरीही ती सर्रास दिली गेली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दहा रुग्णालयांतील सतरा हजारांहून अधिक करोनारुग्णांची माहिती अभ्यासली. जीवाणूंचा किंवा बुरशीचा दुसरा संसर्ग झालेले रुग्ण त्यांत ३.६ टक्केच होते, पण त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक दगावले.

हात

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने, शवविच्छेदन करून आलेल्या विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले बाळंतिणींचे मृत्यू जूनपासून दोन टक्क्यांच्या आसपास आले. तेव्हा जंतू हे रोगाचे कारण आहे हेही ठाऊक नव्हते. आज सर्वांना ठाऊक आहे, तरी जिनीव्हाच्या मोठ्या रुग्णालयात १९९४ साली पाहणी केली तेव्हा, जेथे हात स्वच्छ करायलाच हवेत अशा शंभर प्रसंगांपैकी ४८ प्रसंगीच ते केले जात होते. तेथे खाटेखाटेशी अल्कोहोलची बाटली ठेवली. तीन वर्षांत प्रमाण ६६ वर गेले आणि रुग्णालयात लागण होणाऱ्यांचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरले. शंभर नव्हे, ६६! अमेरिकेतील मिशिगन राज्यात सुमारे शंभर अतिदक्षता विभागांनी शिरेतील नळी घालताना पाच साध्या गोष्टींची यादी पाळायची ठरवले: हात धुणे, रुग्णाला पूर्ण झाकणे, क्लोरहेक्झिडिनने कातडी पुसणे, शक्यतो मांडीची शीर टाळणे आणि नको झालेली नळी ताबडतोब काढणे. नळीमुळे होणारा रक्तातील संसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ होता, तो दीड वर्षात १.४ झाला. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. यात नवे औषध एकही नाही.

हाताला चोळायच्या द्रवात अल्कोहोल साधारण ७० टक्के असते. शंभर टक्के का नाही? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. अल्कोहोल जंतूंची प्रथिने विस्कटून टाकते आणि त्या क्रियेला पाणी लागते. शिवाय शुद्ध अल्कोहोल फार लवकर उडून जाते. उपकरणे मात्र अल्कोहोलवर भागत नाहीत. ती वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सियसला ठेवतात. तुमच्या घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत जवळजवळ हेच तापमान असते. उघड्या भांड्यात पाणी १०० च्या वर जात नाही आणि काही जंतूंची बीजुके त्या तापमानाला टिकून राहतात.

आता पुन्हा त्या कागदाकडे. ‘एस’ असलेल्या दोन औषधांपैकी एक कोलिस्टिन. हे १९५० च्या दशकातले जुने औषध. मूत्रपिंडाला इजा करते म्हणून १९७० नंतर ते जवळजवळ अडगळीत टाकले होते. दुसरे उरले नाही म्हणून ते परत बाहेर काढावे लागले. तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यातही वाढीसाठी घातले जात होते. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. वडिलांना ते दहा दिवस दिले. फुप्फुस निवळले. मूत्रपिंडाचे आकडे चढले ते पूर्ववत व्हायला तीन महिने लागले. ते घरी आले, आणि पुढे दोन वर्षे आमच्यात होते.

शेजारच्या खाटेवर अपघातात जखमी झालेला एक तरुण होता. एका संध्याकाळी मी वडिलांचा हात हातात धरून बसलो असताना त्याची चादर सरकली. मी उठलो आणि ती त्याच्या छातीवर नीट केली. चार दिवसांनी त्याच्या कागदावर तेच नाव आले, ॲसिनेटोबॅक्टर. अक्षरेही बहुतेक तीच. तो जंतू कोणाच्या हाताने गेला हे कोणालाही सांगता येणार नाही. त्या चार दिवसांत त्याला अनेक हात लागले असतील. अल्कोहोलची बाटली दोन खाटांच्या मध्ये टांगलेली होती, आणि मी ती वापरली नव्हती, एवढे मला ठाऊक आहे. तो तरुण वाचला की नाही ते मला कळले नाही. त्याला दुसरीकडे हलवले.

औषधाच्या दुकानात

निवड फक्त अतिदक्षता विभागात होते असे नाही. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंचे असते. त्यावर दुकानातून आणलेले प्रतिजैविक सर्दीला काही करत नाही. आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूंची मात्र छाटणी करते आणि दाद न देणाऱ्यांना जागा करून देते. बीटीबरोबरचे साधे पाकीट बांधावर टाकण्यासारखेच हे. पुढे तोच माणूस रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा ते जंतू त्याच्याबरोबर आत जातात. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविके ‘एच-१’ या यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे सांगणारी मोहीम २०१६ साली निघाली. आज घरी गेल्यावर औषधांच्या डब्यात अशी लाल रेघ शोधा आणि उरलेल्या गोळ्या कशासाठी ठेवल्या आहेत ते विचारा.

‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. क्षयाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. इतर काही संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे, आणि डॉक्टर कमी दिवसांचे औषध देऊ लागले आहेत. तेव्हा किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवायचे. बरे वाटले म्हणून मनाने थांबवणेही नको आणि ‘असू द्या आणखी दोन दिवस’ हेही नको.

करून पाहा

शिक्षकांसाठी एक प्रयोग. मी तो आमच्या शेजारच्या शाळेत नववीच्या वर्गात करून पाहिला. चमचाभर रंगीत रांगोळी खोबरेल तेलाच्या दोन-तीन थेंबांत कालवा. तास सुरू होण्याआधी एकाच विद्यार्थ्याच्या तळहाताला ती हलकेच चोळा आणि बाकीच्यांना सांगू नका. नेहमीसारखा तास घ्या. मधेच वह्या गोळा करा, पुन्हा वाटा, दोघातिघांना फळ्यावर बोलवा. तासाच्या शेवटी ओल्या पांढऱ्या फडक्याने सर्वांचे हात, बाके, डस्टर आणि दाराची कडी पुसून पाहा आणि रंग कोठे कोठे मिळाला त्याचा नकाशा फळ्यावर काढा.

आमच्या वर्गात चाळीस मिनिटांत अठरा जणांच्या हातांवर रंग मिळाला. रांगोळी लावलेल्या मुलाने मधल्या वेळेत जाऊन हात धुतले होते, आणि स्वच्छ धुतले होते. पण नळ उघडताना जी चकती त्याने रंगलेल्या हाताने फिरवली, तीच बंद करताना धुतलेल्या हाताने पुन्हा धरली. नकाशावर सर्वांत गडद ठिपका त्या नळाचा होता. एका मुलीने विचारले, की मग रुग्णालयात काय करतात? मी तिला तेथील नळांना असलेला, कोपराने ढकलायचा लांब दांडा फळ्यावर काढून दाखवला. तो लांब का असतो हे बलाच्या क्षणावरून तिने लगेच सांगितले. कोपराने का, हेही.

तेल दोन-तीन थेंबांपेक्षा जास्त घालू नका, वह्या खराब होतात. आणि लाल रंग घेऊ नका. आम्ही तो घेतला होता. मुख्याध्यापकांना वाटले, कोणाला तरी लागले.